बी न धरलेलं जांभूळ

माझी रोपवाटिका कोल्हापूरच्या बाहेर, हातकणंगल्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. तिथे मी देशी झाडांची रोपं करते. जांभूळ, करंज, ताम्हण, बहावा, रिठा. लोकांना वाटतं हे बसून करायचं काम आहे. खरं तर यातलं निम्मं काम बी गोळा करत हिंडण्याचं. कुठल्या गावच्या ओढ्याला कुठलं झाड आहे आणि ते कोणत्या महिन्यात बी टाकतं, हे मला पाठ आहे. हल्ली पाठ असून उपयोग होत नाही. मी पोतं घेऊन झाडाखाली पोचते, तर झाड अजून फुलातच असतं, किंवा महिन्यापूर्वीच उरकून मोकळं झालेलं असतं. कधी फुललेलंच नसतं.

इतर झाडांचं मी फार मनाला लावून घेत नाही. एका ओढ्याला नाही मिळालं तर दुसऱ्या ओढ्याला मिळतं. पण माहेरच्या जांभळाला दुसरा ओढा नव्हता.

माहेर हातकणंगले तालुक्यातच, रोपवाटिकेपासून गाडीने अर्ध्या तासाचं. घरासमोर रस्ता, रस्त्याला लागून आमच्या उसाचा बांध आणि बांधावर ते जांभूळ. अव्वा, म्हणजे माझी आई, लग्न होऊन आली तेव्हाही ते म्हातारंच होतं म्हणे. फळ लांबट, गर भरपूर, खाल्ल्यावर घशाला तोठरा बसत नसे. रविवारी कबनूरचे यंत्रमागवाले गाड्या थांबवून खाली वेचत असत आणि जाताना अव्वाला हात करत. अव्वा ओसरीवरून त्यांना ओरडायची, "खावा, पर फांदी मोडू नगासा."

ते दरवर्षी सारखं धरायचं नाही. एखाद्या वर्षी जमीन काळी व्हायची, पुढच्या वर्षी दम खायचं. जुनी झाडं असंच करतात आणि त्यात काळजी करण्यासारखं काही नसतं. थंडी पडली, हवा कोरडी राहिली, की झाड गप्प बसतं. मग ऊन चढायला लागलं की फुलतं. हा हिशोब अव्वालाही ठाऊक होता आणि मलाही.

रस्ता रुंद होणार हे इतकी वर्षं ऐकलं होतं की कुणी मनावर घेत नव्हतं. मग एक दिवस माणसं आली, मोजणीची फीत लावली आणि जांभळाच्या बुंध्यावर लाल रंगाने आकडा घालून गेली. थोरल्या भावाने, अण्णाने, फोन केला. मी गेले. अव्वा झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. रडारड नव्हती. आमच्यात कुणाला ते फारसं जमत नाही.

"झाड जाऊ दे," ती म्हणाली. "रस्ता म्हटल्यावर जानारच. पर त्येचं एक पोरगं लाव हिरीकडं. तुझं कामच हाय की हे."

खरंच माझंच काम होतं. मी तिला म्हटलं, एवढंच ना. जांभळाचं बी ताजं लावलं तर पंधरवड्यात कोंब काढतं. यापेक्षा सोपं रोप माझ्याकडे नाही.

त्या वर्षी झाडाने हात आखडता घेतला होता. फळ थोडं, तेही शेंड्याला. जूनमध्ये मला पाणी प्यायला वेळ नसतो, म्हणून मी अव्वाला फोनवर बिया ठेवायला सांगितलं. दुसरी कुणी असती तर तिने धुऊन कुठेतरी टाकल्या असत्या. अव्वाने गर चोळून काढला, पाऊस उघडेल तशा जुन्या लुगड्यावर गच्चीत वाळवल्या, वर राख चोळली आणि झाकणाच्या डब्यात भरून ठेवल्या. तूर, वाल, पावटा, घरातलं सगळं बियाणं ती असंच ठेवत आली आहे. तिच्या हातचं बियाणं कधी किडलेलं मी पाहिलं नाही. शिवाय जांभळाच्या बिया तर ती दरवर्षीच वाळवायची, साखरेवर पूड करायला. अण्णाला आणि तिला दोघांनाही साखर आहे.

मी डबा उघडला आणि पुन्हा झाकण लावलं.

जांभळाचं बी वाळलं की मरतं. ते तुरीसारखं झोपून राहत नाही. फळातून निघालं की ओल्या मातीत जायला हवं. तरीही मी त्या बिया रात्रभर भिजवल्या आणि पिशव्यांत लावल्या, कारण लावायला काही खर्च नव्हता. एकही उगवली नाही.

"तिला सांगू नगंस," अण्णा म्हणाला. "एवढी राख चोळत बसलीवती."

मी सांगितलं. सांगितलं नसतं तर तिने पुढच्या वर्षी परत वाळवल्या असत्या. अव्वाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उरलेल्या धुऊन दे. पूड करतो. निदान साखर तरी उतरंल."

मधल्या काळात मी बाकीचे उपाय केले. कलमं बांधली. एवढ्या जुन्या झाडाला कोवळ्या काड्या धड मिळत नाहीत. ज्या मिळाल्या त्यातल्या दोन-तीन फुटल्या आणि जाळीखाली असूनही एप्रिलमध्ये करपल्या. फांदीची साल सोलून ओल्या शेवाळाची गुटी बांधली, तिला मुळ्या सुटल्या नाहीत. झाड मुळासकट हलवतात असं कुणी सांगितलं म्हणून ते काम करणाऱ्यांनाही विचारलं. त्यांचा माणूस आला, बुंध्याला वेढा घालून बघितला आणि नकारार्थी मान हलवून गेला. कलमाचं अव्वाला तसंही पटत नव्हतं. "दुसऱ्याच्या मुळावर चढवलेलं," ती म्हणायची, "त्ये आपलं कसं?"

रस्त्याचं काम कुठे अडलं होतं कुणास ठाऊक. झाडाला आणखी एक वर्ष मिळालं. पुढच्या मार्चमध्ये ते असं फुललं की माझी काळजी मिटली. शेंड्यापासून खालपर्यंत फिकट फूल, मधमाश्यांचा आवाज ओसरीपर्यंत. मी पिशव्या भरून ठेवल्या. मग संध्याकाळचा वळीव आला, गारांसकट. वळीव आम्हाला नवा नाही, पण तो फूल झडून बारीक फळाची गोटी धरल्यावर यायचा. हा भर फुलात आला, आणि एकदा येऊन थांबला नाही.

अव्वाचा फोन आला. "सडा पडलाय बग. सगळा."

"सगळा म्हणजे?"

"सगळा म्हंजी सगळा. तुझी वैनी झाडून काढाय लागलीया."

मी कृषी महाविद्यालयातल्या एका सरांना विचारलं. ते माझ्याकडून रोपं नेतात. सर सरळ माणूस. म्हणाले, एका झाडावरून काही सिद्ध होत नाही. पण पाऊस फुलातला पराग धुऊन नेतो, मधमाशी पावसात बाहेर पडत नाही, आणि त्यातून वाचलेली बारीक फळं उन्हाच्या झटक्यात गळतात. थंडी नीट पडली नाही तर झाडाला फुलायचं कळतच नाही, ते नुसती पानं काढत बसतं. मी विचारलं, मग मी काय करू? ते म्हणाले, "तुम्ही काय करणार?"

उत्तर बरोबर होतं. मला पाणी घालता येतं, शेणखत घालता येतं, कीड मारता येते. पंचवीस वर्षं मी हेच करते आहे आणि लोक मला हाताला गुण आहे म्हणतात. त्या हाताने डिसेंबरात थंडी पाडता येत नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला. डिसेंबरातही माती ओली. झाडाने विश्रांती घेतलीच नाही. जानेवारीत ते तांबूस कोवळ्या पालवीने भरलं, दिसायला सुरेख. जाणारे-येणारे फोटो काढायचे. मला ती पालवी बघून चिडचिड व्हायची. फूल आलं ते उशिरा आणि फक्त रस्त्याच्या बाजूच्या फांद्यांना.

यावेळी मी नशिबावर सोडलं नाही. ओळखीच्या माणसाकडून मधमाशीची पेटी आणून बांधावर ठेवली. ढग दिसायला लागले तशी अण्णाला शिडीवर चढवून हाताला येणाऱ्या दोन फांद्यांवर प्लास्टिकचं छत बांधलं. खालून दोरी ओढत मी उभी. अण्णा साठीला टेकलेला, धोतर खोचून वर. रस्त्यावरून एक मोटारसायकल हळू झाली.

"काय पावणं, झाडाला रेनकोट व्हय?"

"व्हय," अण्णा वरून म्हणाला. "तुमास्नी बी पायजे का? माप द्या."

"छत्री बी द्या की त्येला हातात."

"हात कापाय येनार हायती त्येचं. छत्री कुटं धरंल?"

मोटारसायकलवाला हसला आणि गेला. अण्णाही हसत होता. अव्वा ओसरीवरून म्हणाली, "उतर आता खाली. पडलास तर तुझं बी बी न्हाय माज्याकडं." अण्णाला मूलबाळ नाही. घरात हे असं उघड बोलतात, आणि तोही त्यावर हसला.

प्लास्टिक दुसऱ्याच वावटळीत फाटून उसात गेलं. मेमध्ये पाऊस लागला तो जूनसारखा, दिवसेंदिवस. पेटीतल्या माश्या पेटीतच बसून राहिल्या.

तरी फळ आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा हाताच्या उंचीवर जांभळं दिसली. बारीक होती, नेहमीसारखी लांबट नव्हती, गोल होती. पण काळी झाली आणि पडायला लागली. यावेळी मी फोनवर काही सांगितलं नाही. स्वतः ओलं पोतं आणि माती भरलेल्या पिशव्या गाडीत घालून गेले.

ओसरीवर बसून पहिलं फळ दाबलं. आत बी नव्हतं. बीच्या जागी एक सुरकुतलेला पापुद्रा, नखाएवढा. दुसऱ्यातही तेच. मग मी विळी घेतली आणि एकेक चिरायला लागले. काहींत बी असल्यासारखं वाटायचं, कापलं की आत पोकळ. वैनी टोपली भरून आणत होती, मी चिरत होते. माझे हात कोपरापर्यंत जांभळे झाले.

अण्णा मीठ लावून खात बसला होता. "बिनबियाचं जांभूळ," तो म्हणाला. "द्राक्षाला जास्ती भाव देत्यात बियाच न्हाईत म्हनून. तू पेटंट घे."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंडातलं संपवलं आणि टोपली पुढे घेऊन तोही चिरायला लागला.

अव्वाने एक फळ घेतलं, तोंडात घोळवलं आणि तळहातावर तो पापुद्रा काढून बघत राहिली. "चव तीच हाय की," ती म्हणाली. मग, "मग बी का न्हाय?"

मी तिला पराग, पाऊस, थंडी सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं. ऐकून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला.

हाताला जड लागल्या तेवढ्या थोड्या बिया मी न कापता त्याच वेळी ओसरीवर पिशव्यांत लावल्या आणि पिशव्या रोपवाटिकेत नेल्या. पुढचे महिनाभर अव्वा रोज संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आधी जेवण उरकलं की फोन करायची. "आलं का कायतरी?" मी न्हाय म्हणायचे. ती बरं म्हणायची आणि फोन ठेवायची. मग एक दिवस तिने हवापाण्याचं विचारलं आणि पिशव्यांचं विचारलं नाही.

झाड हिवाळ्यात तोडलं. एका सकाळीच आटोपलं. मी तिथे होते, कारण ओल्या काड्या हव्या होत्या. त्या आणून त्याच दुपारी कलमं बांधली. तीही वाळली. बुंधा राहिला असता तर फुटला असता, जांभूळ तसं चिवट असतं, पण जेसीबीने मुळासकट उपसलं आणि खड्ड्यात मुरूम भरला. अण्णाने मुकादमाशी गोड बोलून एक ओंडका मागून घेतला. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही, विहिरीत टाकतात, पाणी चांगलं राहतं. तो ओंडका आता आमच्या विहिरीत आहे.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर अण्णा रोपवाटिकेत आला. माझ्याकडे जांभळाच्या रोपांची रांगच्या रांग होती, गडहिंग्लजकडच्या एका ओढ्याच्या झाडाची. त्या बाजूला त्या वर्षी बरं धरलं होतं. अण्णा रांगेसमोर उभा राहिला.

"ह्यातलंच एक दे की. त्येचंच हाय म्हनायचं. तिला काय कळतंय?"

"मला कळतंय की."

"तुला न्हाय लावायचं, तिला लावायचं हाय."

मी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक सरळ वाढलेलं रोप उचललं आणि घेऊन गेले. अव्वाला दारातच सांगितलं, "हे आपलं न्हवं. गडहिंग्लजकडचं हाय."

"ठाव हाय," ती म्हणाली. "आपलं कुटनं येनार."

अण्णाने विहिरीकडे खड्डा काढून ठेवला होता. मी पिशवी फाडली, मातीचा गड्डा न मोडता रोप आत ठेवलं, माती दाबली, काठी रोवून सैल बांधलं. अव्वा काठी टेकत आली आणि सगळं होईपर्यंत उभी राहिली. रस्त्यावर डंपर जात होते, त्यांची धूळ पानांवर बसत होती.

"फळ कवा यील?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला रोज गिऱ्हाइकं विचारतात. उत्तर तोंडपाठ आहे: आठ-दहा वर्षं, पाणी नीट घातलं तर. तेच सांगितलं.

"तवर मी कुटली असतो," ती म्हणाली. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती वाकली, रोपाच्या बुडाशी पडलेलं वाळकं पान उचलून बाजूला टाकलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पर ह्येला तरी बी धरंल का?"

अण्णाही माझ्याकडे बघत होता. मी बादली उचलली आणि पाणी आणायला विहिरीवर गेले.