एक जागा, दोघी जणी

शाळेसाठी गाव सोडलं त्या सकाळी बा ओढ्यापाशी थांबला. एरवी तो मला उचलून पलीकडे न्यायचा. त्या दिवशी मात्र माझं गाठोडं डोक्यावर घेऊन तो एकटाच पाण्यात उतरला आणि पलीकडे जाऊन म्हणाला, "आता तुझी तू ये, बाय." आय अलीकडच्या काठावर उभी होती. मधल्या दगडावर उभं राहून मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि कुणाकडे तोंड करून रडावं तेच कळेना. तुम्ही जे सिद्धगडाच्या पायथ्याशीच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून कल्याण-अंबरनाथला आलात, दोघांनाही सांगते, माझं तेव्हापासून असंच चाललं आहे.

बाने मला शाळेत का घातलं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्या भावाच्या वेळी आय अडली होती. तिला डोलीत घालून मुरबाडच्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या नर्सबाईने तिला वाचवलं. मूल गेलं, पण आय परत आली. त्या दिवसापासून बाच्या मनाने घेतलं की आपली यमू, म्हणजे मी, अशी नर्सबाई झाली पाहिजे. पुढे शहापूरहून दादा नावाचे एक गृहस्थ गड बघायला आले, आमच्या ओटीवर राहिले आणि म्हणाले, "आमची शाळा आहे, पोरीला पाठवा." बाने दुसरा प्रश्न विचारला नाही.

शाळा शहापूरच्या अलीकडे, भातसा नदीच्या वरच्या माळावर होती. दादा आणि त्यांची बायको माई मुंबईतलं घर सोडून तिथे आले होते. कुडाच्या लांबलचक पडव्या, एक विहीर, गाई, भाजीचा वाफा. निम्मी मुलं मुंबईच्या शिकलेल्या लोकांची, निम्मी आमच्यासारखी, आजूबाजूच्या पाड्यांवरची. तिथे पास-नापास नव्हतं. पहिला-दुसरा नव्हता, बक्षीस नव्हतं. ज्याला गणित आलं त्याने शेजारच्याला समजावायचं आणि सगळ्यांना आलं की मग पुढचं. भाकऱ्या सगळ्यांनी थापायच्या, संडासही सगळ्यांनी धुवायचे. वकिलाची शैला आणि मी एका आठवड्याला झाडलोट करायचो, दुसऱ्या आठवड्याला गोठा. पहिल्या दिवशी शैला शेणात हात घालताना रडली, मी पुस्तक उघडताना रडले. मग तिने मला अक्षरं शिकवली आणि मी तिला गोवऱ्या.

सुखाचे दिवस होते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला भलतंच वाटेल. संध्याकाळी सगळे गोल करून बसायचे. दादा विचारायचे, "आज कुणाला काय नवीन दिसलं?" आणि कुणी मुंगळ्याबद्दल सांगितलं तरी सगळे कान देऊन ऐकायचे. माझं बोलणं इतक्या लोकांनी ऐकून घ्यावं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आमच्या घरात तर नाहीच.

पण सुट्टीत गावी आले की गोंधळ व्हायचा. एकदा हुतूतू खेळताना मी एका पोरीला पकडलं आणि विचारलं, "लागलं का गो?" तेवढ्यात ती निसटून गेली. माझी बाजू हरली. पोरींनी आठवडाभर मला चिडवलं. आयने ते ऐकलं आणि बाला म्हणाली, "पोरीला काय शिकवतात काय समजत नाय. समद्यांना वाट देते नि सोता मागं र्‍हाते." बा हसला. "नर्सबायला मायाच लागते गो," म्हणाला.

सातवीची परीक्षा आम्ही बाहेरून दिली आणि दोघीही पास झालो. पुढे काय, तर शैलालाही नर्स व्हायचं होतं. खेड्यात जाऊन काम करायचं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ठाण्याच्या एका दवाखान्यात मुलींना सुईणीचं शिक्षण देत होते, राहायची सोयही तिथेच होती. दोघींनी मिळून अर्ज केला. एकत्र राहू, एकत्र शिकू, एवढंच डोक्यात. तिथे पोचलो तर कळलं की एकच जागा उरली आहे.

आम्हा दोघींना एकदमच आत बोलावलं. टेबलामागे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी सरळ विचारलं, "जागा एक आहे. तुमच्यात जास्त लायक कोण?"

शैला लगेच म्हणाली, "ही. आमच्या गाईचं वासरू आडवं आलं होतं, तेव्हा मोठी माणसं घाबरली, पण हिने आत हात घालून ते फिरवलं."

मी म्हटलं, "नाय बाई, शैलाला घ्या. आजारी माणसाशी ती बोलाला लागली की त्याची भीती जाते. औषधांची नावंबी तिला पटकन वाचता येतात."

"पण यमूला—" शैला पुन्हा सुरू झाली.

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही जागा मागायला आलात की एकमेकींचं लग्न जमवायला?" त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "बाहेर एक मुलगी बसली आहे. तिला जागा हवी आहे, असं ती म्हणते तरी. जा तुम्ही."

जागा त्या मुलीला मिळाली. बाहेर येऊन आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, अगदी पोट धरून. आपण काहीतरी चांगलं केलं असंच वाटत होतं. स्टेशनाजवळ भजी खाल्ली. मग शैला दादरच्या गाडीत चढली आणि मी उलट दिशेच्या गाडीने कल्याणला उतरून मुरबाडची एस.टी. धरली. एस.टी. सुटली तेव्हा कुठे बाला आता काय सांगायचं, हे माझ्या मनात आलं.

बाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "म्हंजे तू मागितलीच नाय?"

"शैला चांगली हाय, बा."

"आसंल. पन तू जागा मागाला गेलतीस ना? मग मागितली का नाय?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने मला सोबत घेतलं आणि आम्ही शहापूर गाठलं. दादा वाफ्याला पाणी देत होते, माई डाळ निवडत होत्या. बा उभ्याउभ्याच बोलला, "दादा, तुमी माज्या पोरीला लय शिकवलंत. वाचाला शिकवलंत, गानी म्हनाला शिकवलंत. तुमचे उपकार हायेत. पन सोतासाठी हात पुढं कराला तिला कोन शिकवनार व्हतं?"

दादांनी झारी खाली ठेवली. "ती बरोबर वागली," ते म्हणाले. "मला तिचा अभिमान वाटतो."

"शैलाच्या बापाला दुसरी जागा गावंल," बा म्हणाला. "मला नाय गावनार."

माईंचे हात सुपातच थांबले होते. त्या म्हणाल्या, "अहो, यांचं खरं आहे. चुकलंच असेल आपलं."

"चुकलं नाही," दादा म्हणाले.

"मुंबईची मुलं इथून घरी जातात, त्यांना मागे घर आहे," माई म्हणाल्या. "हिने कुठे जायचं?"

दादा आणि माईंना एकमेकांविरुद्ध बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला तिघांचंही पटत होतं. बाचंही, दादांचंही, माईंचंही. मनात एक बाजू धरावी म्हटलं की दुसरी ओढायची. शेवटी माईंनी बाला जेवायला बसवलं. तो जेवला, दादांच्या पाया पडला आणि आम्ही निघालो. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "मानसं चांगली हायेत." ते त्याने मला सांगितलं की स्वतःला, कुणास ठाऊक.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा होता, पण त्याआधी लग्न ठरलं आणि मी अंबरनाथला आले. नवरा कारखान्यात होता, भला माणूस. काही दिवसांनी मीही काड्यापेट्या भरायच्या कामाला लागले. जितक्या पेट्या तितका पगार. माझा हात चालायचा. शेजारची म्हातारी मागे पडली की मी तिच्या पेट्या भरायला लागायचे. बाकीच्या बायका म्हणायच्या, "येडी काय गं तू? अपना-अपना कर ना." मुकादमीण ओरडायची. हळूहळू मी अपना-अपना करायला शिकले. तरी म्हातारीकडे पाठ करून बसणं मला कधी जमलं नाही, आणि तिच्या पेट्या भरून दिल्या की आता स्वतःचाच रागही यायचा. आधी असा राग येत नव्हता. म्हणजे मी सुधारले की बिघडले?

शैलाच्या वडिलांनी खरोखरच तिला मुंबईत दुसरीकडे जागा मिळवून दिली. ती आता मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. वर्षातून एकदा तरी माझ्याकडे येते, जमिनीवर मांडी घालून जेवते, ताट स्वतः घासते. गेल्या वेळी म्हणाली, "यमू, त्या शाळेने मला माणूस केलं." मी "हो" म्हटलं. ते खोटं नव्हतं. ती गेल्यावर मात्र मी दार लावून रडले, आणि तेही खोटं नव्हतं.

बा आता थकलाय. तो मला कधी टाकून बोलला नाही. माझ्या हातचं पाणी पिताना मात्र कधीकधी माझ्या हातांकडे बघत राहतो.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते. आय तांदूळ पाखडत बसली होती. मी सूप घ्यायला हात पुढे केला, तर तिने ते मागे ओढलं. "तू बस गो. चार दिसांची पावनी, तुला कशाला काम?" तिने मायेनेच म्हटलं आणि मला कपबशीतून चहा दिला. मी कपबशी धरून बसून राहिले. शेजारणी आल्या, त्यांनी सुपं घेतली, गप्पा मारत हात चालवू लागल्या. ज्या घरात मी जन्मले तिथे मला काही काम उरलेलं नव्हतं.

अंबरनाथला परतले. आमच्या चाळीत शेजारी एक सिंधी बाई आहे. तीही तिचं गाव सोडून आलेली, पण तिचं गाव आता दुसऱ्या देशात गेलंय, तिला चार दिवसही जाता येत नाही. मी जिना चढतेय तोच ती वरून ओरडली, "आ गई? आज पानी भरने की बारी तेरी है, मैं कब से देख रही हूँ!" ना कशी आहेस, ना बस जरा. पिशवी दारातच टाकली, घागर उचलली आणि नळाकडे पळाले. पळताना कशाचा तरी खूप आनंद झाला होता. जिथे मला 'बस' म्हणतात ते माझं घर, की जिथे मला बसू देत नाहीत ते? मला अजून सांगता येत नाही. नळाला पाणी आलं होतं, आणि मी घागर खाली धरली.