खांदणं, खोदणं, उकरणं
पोकलेन आल्यापासून सगळ्याला एकच शब्द झालाय, खोदकाम. मला त्याचा रागच येतो. आमचं घर विहिरी खांदणाऱ्यांचं. विहीर खांदायची, पाया खोदायचा, झाडासाठी खड्डा घ्यायचा, आटलेल्या ओढ्यात झरा उकरायचा. भलताच शब्द वापरला की आबा, म्हणजे माझे वडील, बोलणं मध्येच तोडायचे. शब्द चुकला की हत्यारही चुकतं, असं त्यांचं म्हणणं.

भूमच्या अलीकडं माळावर आम्ही एक जुनी विहीर खोल करत होतो. आबा आणि काका तळाला, आई आणि मी काठावर मातीच्या पाट्या ओढायला. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीतून बारीक खडे सुटायला लागले. आबांनी भिंतीला तळवा लावला. भर उन्हाळ्यात ती ओली लागत होती. त्यांनी काम थांबवलं आणि दोघं वर आले. भाकरीचं फडकं कुणी सोडलं नाही. आबा नुसते विहिरीकडं बघत बसले होते.

मग काकांच्या ध्यानात आलं, टिकाव खालीच राहिला. आमच्यात हत्यार तळाला ठेवून वर येत नाहीत. ठेवलं तर विहीर माणूस मागते म्हणतात. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दुसरा घिऊ." पण काकांनी हसत दोर धरला. मी अडवलं नाही. खरं सांगते, ते उतरले तेव्हा मला बरंच वाटलं, कारण त्या टिकावाची मलाही धास्ती होती. त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही.

काका तळाला टेकले आणि मावळतीकडची भिंत खाली बसली. आवाजसुद्धा फार झाला नाही.

शेजारच्या रानातली माणसं कुदळी, फावडी घेऊन धावली. आबांनी सगळी हत्यारं काठावर टाकायला लावली.

"लोखंड लावू नका. माणूस हाय खाली. हातानं उकरा."

मीही उतरले. वरून खडे पडतच होते. आम्ही गुडघ्यांवर बसून बोटांनी माती ओढत होतो, नखं फुटली तरी कुणी थांबेना. बऱ्याच वेळानं काकांचा हात लागला. आबांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसेच बसून राहिले. आम्ही आणखी जोरानं माती ओढायला लागलो, तेव्हा हात न सोडताच ते म्हणाले,

"दमानं. आता घाई न्हाय."