लाल शाईचं झाड

निवृत्त होताना मी कपाटांच्या किल्ल्या परत केल्या, शिक्का परत केला. किस्से जमा करून घेणारा विभाग विद्यापीठात नाही, म्हणून ते घरी घेऊन आलो.

मी संगणक विभागात कारकून. शेवटच्या वर्षी तिथं कंत्राटावर एक तरुण मॅडम आल्या. विषय ॲडव्हान्स्ड डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे संगणकात माहिती कशी रचून ठेवावी. (मी जन्मभर फायली रचल्या, पदवी कोणी दिली नाही!) त्यांच्या पर्समध्ये पुण्याच्या एका कंपनीचं नेमणूकपत्र होतं. म्हणाल्या, "काका, एकानं तरी प्रश्न स्वतःच्या डोक्यानं सोडवला, तर मी इथंच राहीन."

मला विभाग ठाऊक होता.

*

पहिला प्रॉब्लेम सेट, म्हणजे घरी सोडवायच्या प्रश्नांचा संच, फळ्यावर लागला आणि एक विद्यार्थी माझ्या खिडकीशी आला. "काका, प्रश्न नवे काहून दिले जी? मागच्या सालचे उत्तरं आहेत न आमच्यापाशी!"

त्यानं तीच आणून दिली. मॅडमनी जाब विचारला, तर म्हणतो, "उत्तर बरोबरच आहे मॅडम. प्रश्न तुम्ही बदलला!"

*

दुसऱ्या सेटमधल्या एका प्रश्नाबद्दल मॅडमनी वर्गात सांगितलं, "याचं उत्तर जगात अजून कोणाला सापडलेलं नाही. किती पुढे जाता येतं, तेवढं बघा."

सोमवारी अख्ख्या वर्गानं तो सोडवून आणला! सगळ्यांची चूकही एकाच ओळीत.

"मोबाईलनं सांगितलं तसंच लिवलं जी," खिडकीशी खुलासा झाला.

प्रणाली नावाच्या एका मुलीनं तेवढं उत्तर दिलं नव्हतं. दोन पानं धडपड, आणि खाली, "इथून पुढे मला सुचलं नाही."

मॅडमनी ते पान मला दोनदा वाचून दाखवलं. त्याच दुपारी पुण्याला नकार कळवला.

*

तिसरा सेट 'रेड-ब्लॅक ट्री'चा. हे गाठींचं झाड. काही गाठी लाल, काही काळ्या, आणि लालखाली लाल चालत नाही. सगळा जीव रंगात! वर्गानं झाडं एकमेकांची बघून उतरवली, नियमाप्रमाणे निळ्या पेनानं. प्रणालीनं आपलं झाड स्वतः मांडलं, आणि लाल गाठी लाल पेनानं काढल्या.

आमच्याकडे लाल शाई तपासणाऱ्याची. विद्यार्थ्यानं वापरली की गैरप्रकार. अंतर्गत गुणांच्या समितीनं प्रणालीला शून्य दिलं. निळी झाडं पास.

मॅडम तरातरा विभागप्रमुखांकडे गेल्या. मागून फाइल घेऊन मी.

"सर, एकाच रंगात लाल गाठ कोणती, काळी कोणती, कळणार कसं?"

"बाकीच्या वर्गाले कळलं न, मॅडम!"

*

प्रणालीनं माफीनामा लिहून दिला. शून्य तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी राजीनामा आणला. मी कागदाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि तो विभागप्रमुख साहेबांपुढे नेऊन ठेवला. पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत लाल शाई.

साहेबांनी चष्मा चढवला, कागद सावकाश वाचला, आणि माझ्याकडे सरकवला.

"राजीनामा मंजूर करून टाकू जी. पण मॅडमले म्हणा, आधी निळ्या पेनानं लिहून द्या."