हरलोकाकांचं भाकीत

लग्नानंतर पहिलं वर्षभर काकूंना वाटत होतं, एक रडतोंड्या माणूस आपल्या गळ्यात पडलाय. शहराच्या फुटबॉल संघाचा सामना असला की नवरा सकाळीच हिरवा शर्ट चढवायचा आणि दाराबाहेर पाऊल टाकता टाकता, कुणी विचारो न विचारो, जाहीर करायचा, "हरलो!" सामना संध्याकाळी, हरणं सकाळी. बस डेपोत टायर बसवायचं त्यांचं काम. तिथेही दिवसभर हाच घोष. शेवटी डेपोने त्यांचं नावच हरलोकाका ठेवलं, आणि ते गल्लीपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही.

उलगडा झाला तो संघ खरोखर हरला तेव्हा. सकाळपासून ज्यांनी हरण्याचा डंका पिटला होता, तेच काका न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एवढी खात्री होती तर एवढं लागावं का? काकूंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा उशीतून आवाज आला, "आपल्या माणसाला आपलीच दृष्ट सगळ्यात आधी लागते. म्हणून तोंडाने हरलो म्हणायचं. मनात काय ते मनात."

त्या दिवसापासून काकूंना नवरा वाचता यायला लागला. लेकीच्या परीक्षेच्या वेळी काका म्हणाले, "नापास होणार, लिहून घ्या." लेक चांगल्या गुणांनी पास झाली आणि काका मोरीत जाऊन रडून आले. परक्या संघांना मात्र ते तोंड भरून जिंकवत, कारण तिथे जीव अडकलेला नसे. आणि जिथे काही आशा उरलेली नसे, तिथेही ते गोड बोलत. डेपोतला एक जुना ड्रायव्हर अंथरुणाला खिळला होता. काका त्याला भेटायला गेले नि म्हणाले, "महिन्याभरात ठणठणीत होशील बघ." बिचारा पंधरवडाही टिकला नाही. काकूंनी ती गोष्ट मनात कुठेतरी ठेवून दिली होती.

यंदा संघ प्लेऑफला पोचला आणि डेपोच्या कँटीनला जत्रेचं रूप आलं. कोण वर जाणार, कोण घरी जाणार, सगळे काकांनाच विचारत, कारण इतरांच्या बाबतीत त्यांचं भाकीत सहसा चुकत नसे. "पहिल्या लढतीत पाहुणे जिंकतील, त्यांचा बचाव भिंतीसारखा आहे," काका चहाचा घोट घेत सांगत. "दुसरीत ते निळेवाले पेनल्टीवर जिंकतील." आणि आपले? "आपले हरले." यावर सगळं कँटीन टाळ्या वाजवायचं.

पण यंदा त्या 'हरले'त थोडी खरी काळजीही होती. संघाच्या कप्तानाचा गुडघा दुखावला होता, गोलकीपरच्या बोटाला पट्टी होती, आणि डावीकडून पळणारा पोरगा मांडी धरून बसला होता. यावर काकांचं मत पक्कं होतं. "माणूस म्हणजे टायर नाही, की पंक्चर काढलं आणि सोडला रस्त्यावर. आधी चालू द्या. मग सरळ पळू द्या. मग वळू द्या. गुडघ्याला घाई चालत नाही. सुया टोचून कप्तानाला मैदानात उतरवाल तर प्लेऑफही जाईल आणि कप्तानही." कोच काही कँटीनमध्ये चहाला येत नव्हता, तरी काका त्याला रोज समजावत.

त्याच आठवड्यात काकूंचा गुडघा गेला. काकू पायी टपाल वाटायच्या. एका इमारतीच्या ओल्या जिन्यावर पाय सटकला, पिशवी एकीकडे, काकू एकीकडे. डॉक्टर म्हणाले, आतलं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल. टपालाची फेरी पुन्हा करता येईल का, ते मात्र नंतर बघू. नाहीतर टपाल कार्यालयात बसून पत्रं वेगळी करायचं काम आहेच. डॉक्टरांनी 'आहेच' असं म्हटलं जणू बक्षीसच देत होते! कुठल्या दारात कुठली म्हातारी मुलाच्या पत्रासाठी उभी असते, कुठलं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, हे सगळं काकूंच्या पायांना ठाऊक होतं. चार भिंतींत बसून पत्रांचे गठ्ठे लावायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं, प्लेऑफची अंतिम लढत रविवारी. लेक सासरहून आली ती बापाला ताकीद देतच. "बाबा, आईला धीर द्या. तुमचं ते हरलो-हरलो तिथे अजिबात काढू नका. चांगलं बोला."

काका लेकीच्या शब्दाबाहेर नाहीत. गुरुवारी सकाळी काकूंना वॉर्डात झोपवलं, सगळं आवरलं, आणि काकूंनी हळूच विचारलं, "अहो, तुमचं काय म्हणणं?"

काकांनी घसा साफ केला. "सगळं छान होणार," ते म्हणाले. "दोन-चार महिन्यांत धावायला लागशील बघ. अगदी ठणठणीत!" आणि डोळ्याला डोळा न भिडवता ते बाहेर निघून गेले.

ठणठणीत! तो ड्रायव्हर काकूंच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. म्हणजे डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय. म्हणजे फेरी संपली, कदाचित पायही संपला. थोड्या वेळाने नर्सने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

"इतका रक्तदाब असताना मी भूल देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तासाभरात उतरला नाही तर आज घरी जावं लागेल. पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. सकाळी तर व्यवस्थित होता. काय झालं मध्येच?"

"हे मला म्हणाले, सगळं छान होणार," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

डॉक्टर नर्सकडे बघायला लागल्या. नर्सने खांदे उडवले. लेकीने मात्र कपाळाला हात लावला. आपणच आगाऊपणा केला, हे तिच्या लख्ख ध्यानात आलं, आणि ती बापाला शोधायला पळाली.

काका खाली फाटकाशी होते. रखवालदाराला धरून कप्तानाच्या गुडघ्याचं प्रवचन चाललं होतं. "आधी चालू द्यायचं. मग सरळ पळू द्यायचं. घाई नाही करायची हो, घाई नाही..." आवाज भरून आला होता आणि रखवालदार बुचकळ्यात पडला होता की एका कप्तानासाठी माणूस इतका कासावीस कसा होतो. लेकीला मात्र कळलं की बाप खरं तर कुणाच्या गुडघ्याबद्दल बोलत होता. तिने त्यांचा हात धरला. "बाबा, वर चला. जे नेहमी बोलता तेच बोला."

काका धापा टाकत कॉटशी आले. "अगं, डॉक्टर माझ्याशी अवाक्षर बोललेले नाहीत. तुझ्या गळ्याशपथ! हिने पढवलं तेवढं बोललो मी."

"मग तुमचं स्वतःचं काय?" काकूंनी पदराने डोळे पुसत विचारलं.

काकांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा नर्सकडे. मग हात मागे बांधले, कँटीनमध्ये बांधायचे तसे. "काही खरं नाही," ते म्हणाले. "गुडघा वाकायचा नाही. जन्मभर लंगडशील. फेरी तर विसरच, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाहीस. हरलो आपण. साफ हरलो."

"अहो, काय बोलताय तुम्ही पेशंटसमोर!" नर्स ओरडली.

पण पेशंट हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि काकू खुदुखुदू हसत होत्या. "आणि रविवारचं?"

"तीन-शून्य. तेही हरलो."

नर्सने धुसफुसतच पुन्हा रक्तदाब मोजला. तो उतरला होता. डॉक्टरांनी आकडा पाहिला, काकांकडे पाहिलं, आणि काकूंना आत न्यायला सांगितलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. रविवारी दोघांनी सामना वॉर्डातच लेकीच्या मोबाइलवर पाहिला. कोचने नको तेच केलं. कप्तानाला उतरवलं आणि तो मध्यंतरालाही पोचला नाही, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मैदानाबाहेर आला. संघ एका गोलने हरला. काका कॉटच्या कडेला बसून लहान मुलासारखे मुसमुसू लागले आणि जिचा पाय पट्ट्यांत बांधलेला होता, तीच त्यांची पाठ थोपटत राहिली.

"अहो, तुम्हीच म्हणाला होता ना हरणार म्हणून?"

"म्हणायचं असतं गं," काका म्हणाले. "हरायचं थोडंच असतं!"

त्या कोचचा राग काकांनी घरी काढला. काकूंना त्यांनी एक पाऊल लवकर टाकू दिलं नाही. व्यायाम सांगणारी बाई आठवड्यातून एकदा येई, काका उरलेले सगळे दिवस तिचं काम करत. सकाळी डेपोत जायच्या आधी गुडघा वाकव, संध्याकाळी आल्यावर गुडघा सरळ कर. काकू वैतागायच्या, "कप्तान मी नव्हे!" काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मोजून तेवढंच चालवायचे आणि खुर्ची घेऊन मागे मागे फिरायचे. काठी सुटली. जिना जमला. वळणं जमायला मात्र फार दिवस गेले, आणि त्या दिवसांत काकूंना कितीदा वाटलं, आपल्याला पत्रांचे गठ्ठेच लावावे लागणार.

मग एका सकाळी काकूंनी गणवेश घातला. डॉक्टरांनी अर्ध्या फेरीची परवानगी दिली होती. पिशवी खांद्याला लावून त्या दारात उभ्या राहिल्या. काका रजा काढून घरी होते, हिरवा शर्ट घालून.

"जाऊ ना?" काकूंनी विचारलं.

"कोपऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाहीस," काका म्हणाले.

काकू निघाल्या. सावकाश, पण सरळ. शेजारपाजारचे दारात आले होते. गल्लीच्या कोपऱ्यावर काकू थांबल्या, दुखऱ्या पायावर भार देऊन अख्ख्या वळल्या, आणि पत्रांचा एक गठ्ठा उंच धरून ओरडल्या, "अहो, हरलात!"

काकांनी दोन्ही हात वर केले. "हरलो!" ते भर गल्लीत ओरडले. "हरलो, हरलो!" आणि दारातल्या दारात नाचायला लागले.