पाचवी ओटी

आता सांगून टाकते. माझी थोरली जाऊ, अक्का, गेली, सासूबाई तर कधीच्या गेल्या. ऐकून मला बोल लावणारं कुणी उरलं नाही, म्हणून तोंड उघडतेय. ह्याचीसुद्धा लाजच वाटते.

एकोणीसशे तीसनंतरची चारपाच वर्षं गेली असतील. माझ्या उजव्या छातीत गाठ झाली. बारामतीहून छोट्या गाडीनं दौंड, तिथून पुण्याचा मोठा दवाखाना. डॉक्टरांनी छाती काढली, वर विजेचे शेक दिले. कॅन्सर हा शब्द मालकांनी घरात एकदाच उच्चारला. काटेवाडीत सासूबाईंनी सांगितलं, गळू होतं, कापलं. मीही तेच सांगायची. बाईमाणसानं छातीचं नाव चारचौघांत घ्यायचं तरी कसं?

घरी आले तर उजवा हात खांद्यातून उठेना, बोटांत जोर नाही. भाकरी थापता येईना, जात्याचा खुंटा धरवेना. ते एक वेळ सोडा, पण माझ्याच चोळीची गाठ मला मारता येईना! ती रोज सकाळी जाऊ मारायची. रिकाम्या बाजूला पिंजलेला कापूस नीट बसवायची, गाठ आवळायची आणि म्हणायची, "हं, झाली आमची नवरी." हसूही यायचं आणि मेल्याहून मेल्यासारखंही व्हायचं.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं होतं, भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. जिथवर पोचेल तिथं जाऊ कोळशानं रेघ मारायची. "कालच्या परास दोन बोटं वर गेला बग!" सासूबाई करवादायच्या, "सारवल्याली भिंत समदी काळी केली दोघींनी."

जाऊला मूलबाळ नव्हतं. त्यामुळं कुणाची ओटी भरायची म्हटली की तिला कुणी पुढं बोलवत नसे. तेव्हाची रीतच तशी.

जिवावरचं दुखणं टळलं म्हणून सासूबाईंनी माझी ओटी भरायला पाच सवाष्णी बोलवायच्या ठरवल्या. मी हट्ट धरला, पाचवी अक्काच पाहिजे, नाहीतर पाटावर बसणार नाही. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण आजाऱ्याचा शब्द मोडला नाही.

दोन्ही हातांनी पदर पसरून बसले. चौघींनी भरली तोवर खांद्यातून कळा निघायला लागल्या होत्या. मग अक्का आली. नवं लुगडं नेसली होती. तांदळाची ओंजळ तिनं आधीपासूनच भरून धरली होती. तिनं तांदूळ ओतले आणि माझी उजवी मूठ सुटली. तांदूळ, खण सगळं जमिनीवर, नारळ गडगडत उंबऱ्यापर्यंत.

मला वाटलं, आता सगळ्या माझ्या हाताकडं बघणार, हातावरून छातीकडं, चोळीतल्या कापसाकडं. तोंडातून निघून गेलं, "अक्कांनी घाई केली."

"म्हनत हुते मी!" सासूबाई कडाडल्या. "थोरले, आजपासनं ह्या घरात तू कुनाची वटी भरायची न्हाईस."

अक्का खाली बसून एकेक दाणा वेचत राहिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाठ मारायला आली. कापूस बसवला, गाठ आवळली. नवरी म्हणाली नाही.

"अक्का, काल मी..."

"हात वर कर," ती म्हणाली. कोळसा घेऊन भिंतीशी उभी होती.

दोन महिन्यांनी धाकटी नणंद पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. हिची वेणीफणी लहानपणापासून अक्कानं केलेली. डोहाळजेवणाला बायकांनी ओसरी भरली, ओटी भरायला एकेक उठायला लागली, आणि अक्का आत चुलीपाशी पुरणपोळ्या लाटत बसलेली. मी उठले आणि सगळ्यांसमोर सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्या दिवशी अक्कांनी घाई केली नव्हती. माझीच मूठ सुटली. गळूबिळू काही नव्हतं, माझी छाती कापलीय, हातात जोर नाही."

सासूबाई म्हणाल्या, "चार वट्या धरल्यास की! पाचवीलाच बरा हात सुटला?" आणि बायकांकडं वळून, डोळ्याला पदर लावत, "बगा, जावंसाठी सोताकडं कमीपना घेती. असं मन पायजे."

"न्हाय वो, खरंच..."

"व्हय व्हय, बस तू."

एक म्हातारी माझ्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडत म्हणाली, "सोन्यासारखी सून हाय!" अक्काला कुणी बाहेर बोलावलं नाही. आतून पोळपाटाचा आवाज थांबला होता, तो परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले आणि धडपडत माझी गाठ मीच मारली. कुठल्या तोंडानं तिला मारायला सांगणार? अक्का आली. तिनं गाठ धरून ओढून पाहिली. सैल होती. ती सोडली, कापूस सारखा केला आणि परत आवळून मारली.

"घाई केलीस," म्हणाली.