कथा कळली, तथा चुकली: खानदेशच्या मुरमाड वाटांवर दोन सायकली

महागड्या सायकलींना घंटी नसते, याबद्दल मला अत्यंत गंभीरपणे निषेध नोंदवायचा आहे. देवळाला घंटा असते, शाळेला असते, आमच्या गल्लीतल्या कुल्फीवाल्याला असते, बैलाच्या गळ्यात तर असतेच असते. पण कच्च्या वाटांसाठी म्हणून रुंद टायरांची, वाकड्या हँडलची जी ‘ग्रॅव्हल बाइक’ आम्ही उभयतांनी एकेक घेतली, तिला नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “सर, वजन वाढतं.” असं म्हणताना त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. मी संस्कृतचा मास्तर आहे. अपमान कळायला मला अन्वय लावावा लागत नाही.

उभयता म्हणजे मी आणि पत्नी सुनंदा, राहणार नाशिक. तिचं माहेर धुळ्याचं, त्यामुळे पहिली सहल कुठे काढायची यावर चर्चा झाली नाही, थेट निर्णय कळवण्यात आला. आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. सुनंदाला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे, ती इन्सुलिन घेते. श्रम जास्त झाले आणि खाणं कमी पडलं, तर साखर एकदम उतरते. तसं व्हायला लागलं की तिचे हात थरथरतात, घाम फुटतो. मग ती थांबते, ग्लुकोजची पूड तोंडात टाकते आणि थोड्या वेळाने पुन्हा माझ्या पुढे असते. पुढे ती नेहमीच असते.

जायचं तर हिवाळ्यातच जा. गाडीच्या टपावर सायकली बांधून आम्ही आधी लांबचं टोक गाठलं, सावदा-फैजपूर. हा भाग सपाट आहे. मोठ्या रस्त्यावर केळीचे ट्रक अंगावर येतात, म्हणून बागांमधले शिवाररस्ते धरावेत. दोन्ही बाजूंना केळीची भिंत, मधे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, आणि पाटाच्या पाण्याने थंड झालेली हवा. केळीचे घड भरणाऱ्या एका भाऊंकडे पिकलेली केळी मागितली, तर ते हसायलाच लागले.

“पिकलेलं केळं इथं कुठून भेटणार? ते दिल्लीला भेटतं!”

त्यांनी आग्रहाने एक हिरवीगार फणी दिली आणि पैसे घेतले नाहीत. “नाशिकला जाईपर्यंत पिकतील,” म्हणाले. फणी अर्थातच माझ्या पिशवीत आली.

दुसरा दिवस जामनेरचा. इथे जमीन हळूहळू उचलते आणि हळूहळू उतरते, कपाशीच्या शेतांमधून तांबूस गाडवाटा जातात, आणि रुंद टायरांना हवं असतं ते नेमकं हेच. हवा जरा कमी ठेवा, बाभळीच्या काट्यांसाठी दोन जास्तीच्या ट्यूब ठेवा. दुपारी एका खानावळीत वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि पातीचा कांदा. दोघांचं मिळून तीनशेच्या आत आटोपलं, आणि त्यानंतरचा चढ मी सायकल ढकलत चढलो, तो भरिताचा गौरव समजावा.

त्याच चढावर सुनंदाच्या पिशवीची चेन तुटली. तिने पिशवीतलं सगळं, ग्लुकोजच्या पुडीसकट, माझ्या पिशवीत कोंबलं.

“पुडी तरी खिशात ठेव,” मी म्हणालो.

“या विजारीला खिसा कुठाय? आणि तुम्ही मागेच असता की, सामानाची गाडी.”

तिसऱ्या दिवशी, परतीच्या वाटेवर, धुळ्याला मुक्काम, तोही हॉटेलात, कारण माहेरी आता कुणी राहत नाही. सकाळी हॉटेलवर नाश्त्याची वेळ झाली म्हणून सुनंदाने इंजेक्शन घेतलं आणि मग कळलं की आचारी अजून यायचाय. दोन बिस्किटं आणि चहावर आम्ही निघालो. पुढच्या गावात पोहे मिळतील, असं ठरलं. पुढच्या गावात हॉटेल होतं, पण चहाचंच. टपरीवाल्या आबांनी आमच्या टोप्या आणि सायकली निरखून विचारलं, “कथा चालनात भाऊ?”

मी खुश झालो. “बघ, सुनंदा! सकाळी सकाळी कथा ऐकायची म्हणतात.”

“पंडितजी, कथा म्हणजे कुठे. कुठे चाललात, असं विचारताहेत ते.” आणि तिने आबांना अहिराणीत असं काही उत्तर दिलं की ते हसत हसत माझ्याकडे बघायला लागले. काय म्हणाली ते तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही. साखरेचा चहा घे म्हटलं, तर अर्धाच घेऊन निघाली. वारा पाठीचा होता, तिला वेग धरायचा होता.

गावाबाहेर मुरमाड माळ लागतो. चढ, उतार, पुन्हा चढ, प्रत्येक टेकाडापलीकडे पुढचा सायकलस्वार दिसेनासा होतो. दोन टेकाडं ती मला दिसली. तिसऱ्यावर चढलो तेव्हा समोर वाट फुटलेली, एक डावीकडे वर, एक उजवीकडे ओढ्याकडे, आणि सुनंदा दोन्हींवर नाही. हाक मारली. वारा तिच्याच दिशेने वाहत असणार, पण उत्तर आलं नाही. मोबाइलला रेंज नव्हती.

बांधावर एक अक्का तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात कामात, डोक्यावर पदर. मी उजवीकडे बोट दाखवून विचारलं, “अक्का, सायकलवरची बाई इकडून गेली का?”

त्यांनी मान वर न करता हनुवटी हलवली. “तथा, तथा.”

आता संस्कृतात ‘तथा’ म्हणजे ‘तसंच’. होय, आपण म्हणता तसंच. नाटकातले सेवक राजाला असंच उत्तर देतात. कथेचा अर्थ मला टपरीवर कळला होता, तथेचा विचारायचा राहिला होता. खानदेशच्या माळावर हा अभिजात होकार कसा टिकला असेल, याचं वाक्य मनात जुळवत मी उजवीकडे उतरलो. ते वाक्य चांगलं जुळलं होतं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

ओढ्याकाठी वाट मऊ धुळीची झाली. खूप आत गेल्यावर माझं लक्ष जमिनीकडे गेलं. पुढे एकाही चाकाचा माग नव्हता. मागे वळून पाहिलं, तर धुळीत एकच रेघ होती, माझी.

हँडलला लटकलेली पिशवी तेव्हा मला एकदम जड लागली. तिच्यात पुडी होती. सुनंदाच्या अंगात इन्सुलिन होतं, आणि पोटात दोन बिस्किटं.

परतीचा चढ कसा चढलो ते आठवत नाही. मला पाहून अक्का शेंगा टाकून उभ्याच राहिल्या. “मी तथा सांगं, तुम्ही आथा कसाले गयात?” तथा म्हणजे तिकडे, हनुवटी हलली होती त्या बाजूला. आता मात्र हातानेही दाखवलं, डावीकडे वर.

“तिला साखरेचा आजार आहे,” एवढंच मी बोललो आणि सायकल डावीकडे घातली.

टेकाडाच्या पलीकडे सायकल आडवी पडली होती. पुढचं चाक सावकाश फिरत नव्हतं की काही नाही, नुसतीच पडली होती. सुनंदा पलीकडे निंबाच्या झाडाखाली ताठ बसली होती. हाक मारली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखीचं पाहिलं नाही.

पिशवी उपडी केली. हिरवी केळी गडगडली, शेवटी पुडी सापडली. बाटलीत पूड ढवळून मी तिच्या ओठांपाशी नेली. “सुनंदा, हे पी. लगेच.”

“नको.” तिने माझा हात झटकला. “मला शाळेत जायचंय. तुम्ही कोण?”

मी समजावलं, विनवलं, ओरडलोसुद्धा. तिने दात घट्ट मिटले. जबरदस्ती करावी तर ठसका लागण्याची भीती. तेवढ्यात धापा टाकत अक्का येऊन पोचल्या. मला कोपराने बाजूला सारलं, तिच्या समोर फतकल मारली आणि तिची हनुवटी हातात धरली.

“पी ले वं माय. थोडं पी ले. मन्हं ऐक.”

सुनंदाने तोंड उघडलं. एक घोट, मग दुसरा. माझ्या शुद्ध मराठीत जे पाणी तिने झिडकारलं, ते अहिराणीत शहाण्या मुलीसारखं प्यायली. अक्का पदराने तिचं तोंड पुसत होत्या, “बठ्ठं पी, बठ्ठं,” म्हणजे सगळं पी, म्हणत होत्या, आणि मी त्या मातीत बाटलीचं झाकण हातात धरून बसून होतो.

बऱ्याच वेळाने तिने आजूबाजूला पाहिलं. मग माझ्याकडे. “केळी का सांडलीत?” ती म्हणाली. ओळखीच्या आवाजात.

अक्कांनी घरी नेऊन भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली. काही द्यायला गेलो तर रागावल्या. शेवटी ती हिरवी फणी तेवढी ठेवून घेतली, तीही सुनंदाने अहिराणीत सांगितलं म्हणून. धुळ्याला ट्रॅक्टरमधून परतलो, सायकली मागच्या ट्रॉलीत टाकून. बाजारात मी दोन घंट्या विकत घेतल्या, जुन्या पद्धतीच्या, पितळी, खणखणीत. वजन वाढलं.

तेव्हा या वाटांवर जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. हवा कमी ठेवा, ट्यूब जास्त ठेवा, वाट विचारताना बोट दाखवू नका आणि उत्तर ऐकताना व्याकरण करू नका. वाटा सुंदर आहेत. पुन्हा जावंसं वाटतं.

पण नाशिकला आल्यावर मी सुनंदाला विचारलं, “हात थरथरायला लागले तेव्हाच का थांबली नाहीस?” ती म्हणाली, “थरथरलेच नाहीत. घामही नाही. मला काहीच कळलं नाही हो.” डॉक्टर म्हणाले, फार वर्षांच्या आजारात असं होतं. शरीर इशारा द्यायचं सोडून देतं. औषधाचं प्रमाण बदललंय, पुडी आता तिच्या गळ्यातल्या छोट्या बटव्यात असते.

ती अजूनही सकाळी सायकल काढते. परत येताना कोपऱ्यावर घंटी वाजवते, आणि ती ऐकू येईपर्यंत मी दारातून हलत नाही. साखर उतरते याची मला भीती नाही. ती उतरलेली तिला कळणार नाही, आणि मी तेव्हा मागे कुठेतरी असेन, याची वाटते.