पाठवणीचं रशियाचं गाणं

"पोरगी बरी हाय ना?"

दारात उभा राहून तो एवढंच विचारायचा. चप्पल काढायचा नाही, ओट्यावर टेकायचा नाही. उत्तर मिळालं की मान हलवून चालता व्हायचा. तुमच्यापैकी कुणाच्या दारात असा काळासा, वाकलेला माणूस येऊन गेला असेल आणि तुम्ही त्याला वेडा समजला असाल, तर तो आमचा शेजारी.

लग्नाच्या बँडात तो क्लॅरिनेट वाजवायचा. आम्ही तिला पिपाणीच म्हणायचो. माणूस एक नंबरचा भित्रा. आमच्याकडं बिबट्याला सगळेच भितात, भ्यायलाच पाहिजे. उसात कधी बसलेला असेल सांगता येत नाही. पण हा घरामागं शेळी शिंकली तरी पिपाणी छातीशी धरून आत पळायचा. बायको होती तोवर तीच बाहेर बघून यायची. ती वारल्यावर मला हाक यायला लागली.

"अक्का, जरा बघता का?"

मी काठी घेऊन जायचे. "शेळी हाय रं."

"नक्की का?"

"मग तिलाच इचार."

त्याच्याकडं एक गाणं होतं. जुन्नरला त्याचे उस्ताद होते, त्यांनी शिकवलेलं. रशियाच्या सिनेमातलं आहे, एवढंच उस्तादांनी सांगितलं होतं. लोक चेष्टा करायचे. "रशियात कोण रं तुझं? सासुरवाडी का?" वरातीत ते गाणं चालत नसे. त्याचा ठेका तिनाचा, नाचणाऱ्या पोरांचे पाय एकमेकांत अडकायचे. म्हणून तो ते पाठवणीला वाजवायचा. तिथं कुणी नाचत नाही. गाणं गोल गोल फिरत वर चढायचं आणि नवरीच्या आधी बायकाच रडायला लागायच्या. मग तशी पद्धतच पडली. डिंगोऱ्यापासून नारायणगावापर्यंत बँड ठरवतानाच लोक सांगायचे, "पाठवणीला ते रशियाचं पायजे."

स्वतःच्या पोरीलाही त्यानं त्याच गाण्यावर पाठवली. आळेफाट्याला, गॅरेजवाल्याच्या घरात. एकुलती एक. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण सूर एकदाही फाटला नाही.

मग नारायणगावच्या एका लग्नात नवरीची मावसबहीण आली होती, रशियात डॉक्टरकी शिकलेली. पिपाणी सुरू झाली तशी ती गर्दी सारत पुढं आली. मी शेजारीच उभी होते.

"काका, हे कुणी शिकवलं तुम्हाला? तिकडं प्रत्येक लग्नात हेच वाजतं!"

तो फुगला. आमच्याकडं बघत म्हणाला, "सांगत व्हतो ना? शिनेमातलं हाय ना, ताई?"

"हो. सिनेमात लग्न दाखवायचं होतं आणि वाजवायला काही नव्हतं. शूटिंग अडलं. मग संगीतकारानं एका रात्रीत हे करून दिलं, असं सांगतात."

"आन् नवरी? ती सुखात ऱ्हाती ना पुढं?"

पोरगी खरं बोलणारी. "नाही हो. वयस्कर माणसाशी लग्न होतं तिचं. पुढं तिचा खून होतो."

"तरी बी समद्या लग्नात वाजवत्यात?"

"चाल गोड आहे ना काका. सिनेमा कुणाच्या लक्षात आहे!"

याच्या मात्र लक्षात राहिला. त्या दिवसापासून त्यानं ते गाणं बंद केलं. आणि ज्या ज्या पोरींना त्यानं वाजवून पाठवलं होतं, त्यांची घरं शोधत हिंडायला लागला. जीपमध्ये मागं लोंबकळत जायचा. कुणी चहा द्यायचं, कुणी "आमच्या सुनेची चौकशी करणारा तू कोण?" म्हणून हाकलायचं. एका ठिकाणी कुत्रं सोडलं. संध्याकाळी माझ्या दारात हजर. "अक्का, ओतूरची बरी हाय. दोन पोरं हायेत. जाड झालीय."

"अरे, शिनेमातली बाई ती. खोटी."

"पर मी वाजवलं ते खरं व्हतं ना?"

एकदा मी विचारलं, "गावाच्या लेकी झाल्या. तुझी?"

आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. हा तर उंबऱ्याच्या आतही गेला नव्हता. आळेफाट्याच्या स्टँडवर उभा राहायचा, ती तिथं येऊन भेटायची. दिवाळीपासून ती आली नव्हती. फोन सासू उचलायची आणि "कामात हाय" म्हणून ठेवायची.

"रीत हाय, अक्का."

"रीत न्हाई. भ्या हाय तुला."

"हाय," तो म्हणाला. "गेलो, आन् बरी नसली तर?"

दुसऱ्या दिवशी काठी घेतली आणि मीच त्याला आळेफाट्याला घेऊन गेले. तो बाहेर टायरांच्या ढिगाशी थांबला. मी शेजारीण, मला कसली रीत? सरळ स्वयंपाकघरात गेले. पोरगी डाव्या हातानं पीठ मळत होती. उजवं मनगट सुजून काळंनिळं झालेलं.

"मोरीत पडली," सासू म्हणाली. मी पोरीला विचारत होते आणि उत्तरं सासू देत होती.

पोरीनं एकच विचारलं, "मावशी, आण्णा आल्यात?"

"बाहेर हाय."

"त्यास्नी आत कसं येता यील? अजून पाळणा हालला न्हाई," सासू म्हणाली.

मी दारातून हाक मारली. तो आला. तोंड राखेसारखं झालेलं. त्यानं हात बघितला. वाटलं, आता हा इथंच खाली बसतोय.

"बाय," तो म्हणाला, "पाणी दे मला."

तिनं डाव्या हातानं तांब्या दिला. उभ्या उभ्या सगळा प्याला. सासूनं तोंडावर पदर घेतला.

"आता पिशवी भर."

जावई गॅरेजातून पाना हातात घेऊनच आला. "कुठं निघाली ही?"

"घरी." याचा आवाज चिरकला. पोरीच्या पुढं मात्र तोच उभा होता. "मी वाजवून पाठवली, मीच नेतो."

गिऱ्हाइकं बघत होती, माझ्या हातात काठी होती. जावयानं पाना खाली केला. नारायणगाव येईपर्यंत जीपमध्ये हा थरथरत होता आणि पोरगी चांगल्या हातानं त्याला धरून बसली होती.

गेल्या थंडीत तो गेला. भीतीनं नाही, न्यूमोनियानं.

पोरगी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल निवडते. परवा मी तिकडं गेले तर ही टेम्पोवर चढून एका ड्रायव्हरला झाडत होती. "उतर खाली! क्रेट आपटतोस व्हय रं? तुझ्या बापाचा माल हाय का?" एवढा थोराड गडी, पण मुकाट्यानं उतरला. सगळा बाजार बघत होता.

बाप असता तर भ्यायला असता. क्रेटच्या थप्पीमागं लपला असता, आणि तिथनंच डोकं वर काढून तिच्याकडं बघत बसला असता.